डोंगराच्या सावलीतलं गरम पाणी: साताऱ्यातल्या एका घराची गोष्ट

२०२३ ची दिवाळी झाली आणि आईचा खोकला काही हटेना. डॉक्टरांनी छाती तपासली, औषधं लिहून दिली आणि विचारलं, "घरात धूर कशाचा असतो?" चूल आमच्याकडे केव्हाच गेली, उदबत्तीपलीकडे धूर नाही, असं मी सांगत होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "बंब आहे ना."

तांब्याचा बंब आजीच्या वेळचा. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला पितळी तोटी. दोन मुठी चिपाडं आणि चार लाकडं टाकली की वीस मिनिटांत आंघोळीचं पाणी तयार. मधल्या नळीतून जाळ वर जातो आणि चहूबाजूंनी पाण्याला भिडतो, त्यामुळे लाकूड फार लागत नाही. जुन्या लोकांनी ते पात्र फार विचारपूर्वक घडवलं होतं. पण आमची मोरी पुढे बंदिस्त न्हाणीघर झाली, वर स्लॅब पडला, आणि बंब मात्र आतच राहिला. थंडीत रोज पहाटे साडेपाचला आई त्या कोंडलेल्या धुरात वाकून फुंकर घालत होती, हे आमच्या लक्षात यायला डॉक्टरांनी विचारावं लागलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी बंब मागच्या अंगणात नेला. आंघोळीच्या पाण्याचा सगळा भार वरच्या मजल्यावरच्या २५ लिटरच्या जुन्या गिझरवर आला. घरात माणसं सहा: आबा, आई, मी, बायको आणि दोन मुलं. पुढच्या दोन महिन्यांतच विजेच्या बिलाने ३०० युनिटांची रेघ ओलांडली. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: १००, ३०० आणि ५०० युनिटांवर. शंभराच्या आतलं युनिट आणि त्यापुढचं युनिट यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, आणि ३०० च्या पुढे तर आणखी. गिझरची युनिटं घरातल्या दिवे-पंख्यांच्या वर जाऊन बसतात, म्हणजे आपण सगळ्यात महाग वीज पाणी तापवायला वापरत असतो. हे बिल हातात घेऊन नीट वाचेपर्यंत मलाही उमगलं नव्हतं.

धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "दादा, सरळ हीट पंप घे." शेजारचे काका म्हणाले, "सोलर हीटर आपल्याकडे चालत नाही, अजिंक्यताऱ्याचा डोंगर आडवा येतो." दुकानदाराने फाइव्ह स्टार गिझरचं पत्रक पुढे केलं. मी हिशेबाची नोकरी करतो. मला या तिघांच्याही आधी एक आकडा हवा होता: आमच्या घराला गरम पाणी लागतं किती?

एका रविवारी १८ लिटरची बादली घेऊन बसलो. आबांना एक बादली पुरते, मुलांना दीड, आईला केस धुवायच्या दिवशी दोन. सरासरी काढली तर माणशी २८ लिटर, घराला १७० लिटर, आंघोळीच्या ऊबेचं, म्हणजे साधारण ४१ अंशांचं. जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी १९ अंशांवर होतं. तापमापी बुडवून पाहिलं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात, आणि हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. १७० लिटर २२ अंशांनी तापवायचं तर ४.३५ युनिटं झाली. यंत्र कुठलंही असो, पाण्यात इतकी उष्णता घालावीच लागणार.

मग वायरमनकडून गिझरच्या लाइनवर, फक्त त्याचीच वीज मोजणारा सबमीटर बसवून घेतला. महिन्याची सरासरी आली रोज ६.८ युनिटं.

म्हणजे रोज जवळजवळ अडीच युनिटं कुठेतरी जात होती आणि ती कुणाच्या अंगावर पडत नव्हती. ती शोधायला आठवडा लागला, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्या आठवड्याने. घरचे सगळे एका लग्नाला गावी गेले तेव्हा मी गिझर चालूच ठेवला आणि एक थेंबही पाणी काढलं नाही. चोवीस तासांत सबमीटर १.३ युनिटांनी पुढे सरकला. गिझरमधल्या आवरणाचा फोम अकरा वर्षांत बसला होता, पाणी किती तापवायचं ते ठरवणारा थर्मोस्टॅट ७० अंशांच्या आसपास होता, आणि गिझर दिवसभर भिंतच तापवत होता.

उरलेला चोर नळात होता. आई, आबा आणि मुलं आंघोळ करतात खालच्या न्हाणीघरात, आणि गिझर होता घराच्या दुसऱ्या टोकाला, वर. मधला पाइप पाऊण इंची, लांबी १२ मीटर. पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. म्हणजे तोटी उघडली की आधी तीन लिटर गार पाणी वाहून जातं, आणि तोटी बंद केली की तीन लिटर उकळतं पाणी पाइपात अडकून भिंतीत गार होतं. दिवसाला सात वेळा असं झालं तर एक युनिट. मी खालची तोटी उघडून तळहात धरून उभा राहिलो आणि मोजत गेलो. पाणी कोमट व्हायला पंचेचाळीस सेकंद लागले. इतकी वर्षं आम्ही याला "गरम पाणी यायला जरा वेळ लागतो" म्हणत होतो.

थर्मोस्टॅट ५० वर आणला, गिझर पहाटे पाच ते साडेसातपर्यंतच चालू ठेवला, उघड्यावरच्या पाइपाला काळं फोमचं आवरण चढवलं. खर्च सहाशे रुपये. फेब्रुवारीची सरासरी ५.२ वर आली. टाकीतलं पाणीही तोवर एखाद-दोन अंशांनी कोमट झालं होतं, ते धरूनही फरक मोठा होता. कुठलंही नवं यंत्र घरात यायच्या आधीचा हा फरक.

मग यंत्राकडे वळलो. वर्षभराचा अंदाज मांडला: थंडीचे चार महिने रोज पाच युनिटं, उन्हाळ्यात तीन, पावसाळ्यात चार. वर्षाला साधारण १,४५० युनिटं.

गॅस गिझर पहिल्याच फेरीत बाद केला. आमच्या खालच्या न्हाणीघराला हातभर झरोका आहे. बंद खोलीत गॅस जळला आणि हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. आंघोळ करणाऱ्याला घेरी येते तेव्हा दाराची कडी काढण्याचंही त्राण उरत नाही. एका धुरातून आईला सोडवून घरच्यांना दुसऱ्यात ढकलायचं नव्हतं. ज्यांना बसवायचाच आहे त्यांनी तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

भावाने सुचवलेला हीट पंप मी मनापासून पाहिला, कारण कल्पना सुंदर आहे. फ्रीज आतली उष्णता बाहेर फेकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात भरतो. एक युनिट वीज घेऊन पाण्यात तीन युनिटांची उष्णता घालतो, कधी त्याहूनही जास्त. त्याला ऊन लागत नाही, रात्र चालते. साताऱ्याचा पावसाळा तर त्याला मानवणाराच: हवा २२-२४ अंशांची आणि दमट, आणि त्या दमटपणातूनही तो उष्णता काढतो. आमच्या घरी त्याने वर्षाला १,४५० ऐवजी पाचशेच्या आत-बाहेर युनिटं घेतली असती. साडेनऊशे-हजार युनिटं वाचली असती. पण २०० लिटरच्या यंत्राचं कोटेशन आलं १,३५,००० रुपयांचं. वाचलेलं युनिट ११ रुपयांचं धरलं तरी पैसे फिटायला बारा वर्षं.

मग सोलर. इथे काकांचं म्हणणं आडवं आलं. ते सरसकट चुकीचं नव्हतं. आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याला, म्हणजे किल्ला आमच्या दक्षिणेला. थंडीत सूर्य दक्षिणेकडूनच जातो, आणि गरम पाणी लागतं तेही थंडीतच. त्यात नैऋत्येला शेजारची नवी तीन मजली इमारत.

२२ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, खडूचा खोका घेऊन स्लॅबवर चढलो होतो. दर तासाला सावलीची कड आखली आणि शेजारी वेळ लिहिली. ऊन स्लॅबवर आलं ८ वाजून ५० मिनिटांनी, डोंगराच्या पलीकडे गेलं पावणेचारला. मधे अडथळा होता तो फक्त शेजारच्या इमारतीचा, आणि तोही दुपारी दीडनंतर नैऋत्येकडच्या अर्ध्या स्लॅबवर. ईशान्येचा कोपरा नऊपासून पावणेचारपर्यंत लखलखीत मोकळा. आपली प्रमाणवेळ ज्या रेखांशावर ठरली आहे तो ८२.५ अंशांचा, सातारा त्याच्या बराच पश्चिमेला, ७४ अंशांवर. त्यामुळे डिसेंबरात इथला खरा मध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास येतो. म्हणजे आमच्या कोपऱ्याला मध्यान्हाच्या अलीकडचे साडेतीन तास आणि पलीकडचे सव्वातीन तास मिळत होते, आणि दिवसाची बहुतेक उष्णता त्यातच असते. जे जातं ते सकाळ-संध्याकाळचं तिरपं, दुबळं ऊन.

सावलीचा आणखी एक हिशेब त्याच दिवशी कळला. त्या दिवसांत मध्यान्हालाही सूर्य साताऱ्यात ४९ अंशांच्या वर चढत नाही. दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी पावणेनऊ फूट पडते. म्हणून कठड्याला टेकवून ठेवलेला सोलर उन्हाळ्यात झकास चालतो आणि थंडीत निम्मा अंधारात असतो. बसवणारे लोक येतात बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा हे दिसतच नाही.

सांगलीला विश्रामबागेत आत्या राहते. तिच्याकडे जुना चपट्या पॅनेलचा सोलर होता. बोअरचं पाणी, त्यातले क्षार तांब्याच्या बारीक नळ्यांत साचत गेले आणि पाणी फिरेनासं झालं. "वर्षातून दोनदा ॲसिड घालून धुवायचा, तरी परत तेच," आत्या सांगत होती. आमच्याकडे पालिकेचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात बोअर चालू करावाच लागतो. म्हणून काचेच्या नळ्यांचा घ्यायचं ठरवलं. त्या नळ्यांतही क्षार साचतात, पण नळी रुंद असल्याने तुंबत नाही; तळाला गाळ बसतो, तो दोन-तीन वर्षांनी काढता येतो.

अनुदानाबद्दल घोळ होतो म्हणून एवढं सांगतो. सोलर वॉटर हीटरसाठी केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच थांबलं. २०२४ ची पीएम सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत. तोही पर्याय पाहिला, पण तेवढ्या पॅनेलला जी जागा लागते ती आमच्या स्लॅबवर दुपारनंतर सावलीत जाते, आणि पॅनेलच्या एका भागावर सावली पडली तरी वीज बरीच घटते. ज्यांचा स्लॅब मोकळा आहे त्यांनी मात्र त्याचा विचार आधी करावा.

१५० लिटरचा सोलर, १५ नळ्यांचा, बसवून ३३,००० रुपये. आता खरा प्रश्न पावसाळ्याचा. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, किल्ला ढगात बुडालेला असतो. कंपनीच्या माणसाचं उत्तर तयार होतं: "टाकीतच २ किलोवॉटचा हीटर आहे, बटण दाबा." मी कागदावर मांडून पाहिलं. तो हीटर एक बादली तापवत नाही, अख्खी टाकी तापवतो. १५० लिटर २५ अंशांनी तापवायचं तर ४.३६ युनिटं आणि दोन तासांच्या वर वेळ. त्यातलं अर्धं पाणी वापरलं जाणार, उरलेलं स्लॅबवरच्या पावसात गार होत बसणार. सोलर घेऊनही पावसाळ्याचं बिल कमी झालं नाही, असं अनेकांकडून ऐकलं होतं. त्याचं मूळ मला इथे सापडलं.

आम्ही टाकीतल्या त्या हीटरची वायर जोडलीच नाही. त्याऐवजी १५ लिटरचा फाइव्ह स्टार गिझर खालच्या न्हाणीघरात, तोटीपासून दोन हातांवर बसवला. सोलरचं पाणी थेट तोटीला येतं. पावसाळ्यात तीन कॉक फिरवले की वरच्या टाकीचं गार पाणी गिझरमधून फिरून येतं. २ किलोवॉटचा गिझर १५ लिटर पाणी साठ अंशांपर्यंत अठरा मिनिटांत नेतो, त्यात गार मिसळलं की एकाची आंघोळ होते, तोवर दुसऱ्याचं पाणी तापत येतं. सोलरचं ऐंशी अंशांचं पाणी गिझरच्या आत मात्र सोडायचं नाही. बऱ्याच गिझरना येणारं पाणी तितकं गरम चालत नाही. म्हणून तीन कॉकांची भानगड, आणि प्रत्येक कॉकवर आईला वाचता येईल अशी ठळक चिठ्ठी.

नशिबाने ईशान्येचा कोपरा खालच्या न्हाणीघराच्या बरोबर वर आहे. सोलरपासून तोटीपर्यंतचा पाइप सरळ सात मीटर खाली. बसवणारा एक इंची घालायला निघाला होता, "प्रेशर चांगलं मिळेल" म्हणून. मी अर्धा इंची घ्यायला लावला. त्यात मीटरमागे सव्वाशे मिलिलिटरही पाणी राहत नाही, म्हणजे तोटी उघडल्यावर एक लिटरच्या आत गरम पाणी. बादली भरायला मिनिटभर जास्त लागतं. त्याची तक्रार कुणी केली नाही. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी, म्हणून तिच्याखाली नवा कट्टा बांधला. कट्टा, पाइप आणि आवरणं ११,०००, गिझर ८,०००. मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात सगळं चालू झालं.

एप्रिलमध्ये आबांचा हात भाजला. बंबाच्या सवयीने ते आधी घंगाळात गरम पाणी सोडत आणि मग विसण घालत. त्या दिवशी सोलरच्या टाकीत ७८ अंश होतं. तोटीखाली हात गेला तेवढाच, पण मनगटापासून बोटांपर्यंत कातडी लाल झाली, दोन फोड आले. साठ अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी भाजतं; म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते आणि हात मागे घ्यायलाही वेळ लागतो. सोलर बसवताना हे कुणी सांगितलं नाही, आणि इतके आकडे मांडणाऱ्या मलाही सुचलं नाही. त्याच आठवड्यात ४,५०० रुपयांचा तापमान धरून ठेवणारा मिक्सर बसवला, ४२ वर लावून. गार आणि गरम दोन्ही एकाच टाकीच्या दाबाचं असल्यामुळे तो नीट चालतो. घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर हा खर्च सोलरच्या किमतीतच धरायला हवा.

मे महिन्यात दुसरी गोष्ट घडली. बोअरची मोटर जळली, वरची टाकी रिकामी झाली, पाठोपाठ सोलरही. दुपारी एकला मोटर दुरुस्त होऊन आली आणि मी आनंदाने चालू केली. दहा मिनिटांनी स्लॅबवरून काच फुटल्याचा आवाज आला, लागोपाठ दुसरा. रिकाम्या नळ्या भर उन्हात दीडशे अंशांच्याही वर तापलेल्या असतात; त्यांच्यात गार पाणी शिरलं की काच तडकते. वर गेलो तर दोन नळ्यांमधून सगळं पाणी स्लॅबवर वाहत होतं. शाबूत नळीच्या तळाला आरशासारखा चंदेरी डाग असतो, आतली निर्वात पोकळी टिकल्याची ती खूण. फुटलेल्या दोघींच्या तळाला तो दुधासारखा पांढरा झाला होता. तेव्हापासून तो डाग पाहायला मी महिन्यातून एकदा वर जातो; नळी फुटली नसली तरी डाग पांढरा दिसला की ती बाद. आणि सोलर रिकामा झालाच तर सूर्य मावळल्यावरच भरायचा, किंवा नळ्यांवर ताडपत्री टाकून तासभर थांबायचं.

आकडे सबमीटरच्या वहीतून देतो. जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये गिझरने रोज ३.१ युनिटं खाल्ली. माझ्या अंदाजापेक्षा पावसाळा कडक गेला. सप्टेंबरपासून उघडीप मिळत गेली तसा आकडा उतरला. डिसेंबर ते फेब्रुवारी सरासरी ०.७, तीही ढगाळ दिवसांमुळे. एप्रिल ते मार्च पुऱ्या वर्षाची ४६० युनिटं. जानेवारी २०२४ मध्ये घराचं बिल ३४१ युनिटांचं होतं, जानेवारी २०२५ चं १५८. सगळा खर्च ५६,५०० रुपये आणि फुटलेल्या दोन नळ्यांचे वेगळे. पाच-साडेपाच वर्षांत फिटेल.

खोकला थंडीत अजूनही येतो, पण पहाटे धापा टाकत उठणं थांबलं. नरक चतुर्दशीला मात्र आईने अंगणातला बंब पेटवायला लावला. मोकळ्या हवेत धूर सरळ वर गेला, आणि उटणं लावलेली नातवंडं तोटीपाशी रांग लावून उभी राहिली.

शेजारच्या इमारतीवर आता चौथा मजला चढतो आहे. सळया बांधून झाल्यात. २२ डिसेंबरला खडू घेऊन पुन्हा वर जायचं आहे. कोपरा दीडनंतर सावलीत गेला तर सोलरचं स्टँड आठ फूट पूर्वेला सरकवावं लागेल, आणि तेवढ्या जादा पाइपासाठी कठड्याला भोक कुठे पाडायचं ते मिस्त्रीला आत्ताच दाखवून ठेवलं आहे.